गॅलरीत भाजी पिकवायचीय? जागेआधी ऊन मोजा

रीलमध्ये सगळं सोपं असतं. प्लास्टिकच्या बाटल्या आडव्या कापल्या, दोरीने टांगल्या, माती भरली, बी टाकलं आणि पुढच्या सेकंदाला टोमॅटोचा लालबुंद घोस. घरी मात्र नर्सरीतून आणलेलं टोमॅटोचं रोप दीड महिन्यात उंच, बारीक आणि फिकट होतं. उजेडाच्या दिशेने कठड्याबाहेर मान काढतं. चार फुलं येतात, तीही गळून पडतात. मग पाणी कमी पडलं की खत, यावर घरात चर्चा होते आणि काही दिवसांनी ती कुंडी जिन्याखाली जाऊन बसते.

असं झालं की दोष बहुतेक वेळा मातीचाही नसतो आणि 'हाताला गुण नसण्याचा' तर नसतोच. त्या जागेवर टोमॅटोला लागतं तेवढं ऊन येत नसतं. शहरातल्या घरात भाजी पिकवण्याच्या भन्नाट युक्त्या खूप आहेत आणि त्यातल्या अनेक खरोखर चालतात. पण कोणती युक्ती तुमच्या घरात चालेल, हे तुमच्याकडे किती चौरस फूट जागा आहे यापेक्षा तिथे किती तास थेट ऊन येतं यावर ठरतं.

ऊन मोजायचं कसं?

अॅप वगैरे काही लागत नाही. सुट्टीच्या दिवशी सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत दर तासाला गॅलरीत डोकवा आणि जिथे कुंडी ठेवायची आहे, नेमक्या त्याच जागी ऊन आहे का ते लिहून ठेवा. 'उजेड भरपूर आहे' हे ऊन नव्हे. हाताची ठळक सावली पडली तरच ऊन.

टोमॅटो, वांगी, मिरची, भेंडी अशा फळभाज्यांना साधारण सहा तास थेट ऊन हवं. मुळा, गाजर यांचं चार-पाच तासांवर भागतं. पालक, मेथी, कोथिंबीर यांना तीन-चार तास पुरतात. त्याहून कमी असेल तर यादी छोटी होते, पण संपत नाही. तिच्याकडे पुढे येऊच.

यात एक गंमत आहे, जी बहुतेक व्हिडिओंमध्ये सांगितली जात नाही. उन्हाळ्यात ऊन कडक, म्हणजे गॅलरीत ऊन जास्त, असं आपल्याला वाटतं. दक्षिणेकडे तोंड असलेल्या गॅलरीत होतं नेमकं उलटं. मुंबई-पुण्यात एप्रिलमध्ये दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. वरच्या मजल्याच्या गॅलरीचा स्लॅब तो अडवतो आणि आपल्या वाट्याला कठड्यालगतची एक पट्टी येते. मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत तर भरदुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडे सरकलेला असतो. या काळाच्या दोन टोकांनाच मुंबईत 'शून्य सावली दिवस' येतात. डिसेंबरमध्ये मात्र भरदुपारीसुद्धा सूर्य दक्षिणेकडे, क्षितिजापासून जेमतेम ४८ अंशांवर असतो. त्याचे किरण स्लॅबच्या खालून तिरपे आत येतात आणि गॅलरीच्या मागच्या भिंतीपर्यंत पोहोचतात.

म्हणजे दक्षिण गॅलरीचा खरा हंगाम दिवाळी ते होळी. योगायोगाने टोमॅटोलाही हेच दिवस मानवतात, कारण पारा ३५ अंशांच्या वर गेला की त्याची फुलं गळायला लागतात. सप्टेंबरमध्ये रोपं तयार करा, ऑक्टोबरमध्ये मोठ्या कुंडीत हलवा आणि फळं थंडीत घ्या. मेमध्ये हौसेने आणलेलं टोमॅटोचं रोप म्हणजे पैसे पाण्यात.

पूर्वेच्या गॅलरीला सकाळचं कोवळं ऊन मिळतं, ते पालेभाज्यांना उत्तम. पश्चिमेला दुपारनंतरचं रणरणतं ऊन असतं, तिथे भेंडी, चवळी, गवार तग धरतात. उत्तरेकडची गॅलरी सगळ्यात अवघड.

आणखी एक छोटी गोष्ट. कठडा विटांचा, भरीव असेल तर त्याच्या आडोशाला जमिनीवर ठेवलेल्या कुंडीला थंडीतसुद्धा ऊन मिळत नाही, कारण ते कठड्यावरून उडी मारून आत पडतं. कुंडी दोन फूट उंच स्टुलावर किंवा लोखंडी स्टँडवर ठेवली की तीच जागा कामाची होते. महागड्या खतापेक्षा या स्टुलाचा फरक जास्त पडतो.

ऊन येतच नाही, मग?

कोकणातल्या जुन्या परसबागेत याचं उत्तर आहे. तिथे मोरीचं पाणी जिथे जाऊन मुरायचं, तिथे अळू लावलेलं असायचं. अर्धवट सावली, सतत ओल आणि कुणी फारसं लक्ष दिलं नाही तरी पसरत जाणारी पानं. फ्लॅटमधल्या अंधाऱ्या गॅलरीची परिस्थिती काही वेगळी नसते. रंगाच्या २० लिटरच्या डब्यात अळूचे दोन-तीन कंद लावले तर अधूनमधून फदफद्यापुरती पानं नक्की निघतात. फक्त कंद अशा घरून आणा जिथे ते अळू खाल्लं जातं. नर्सरीत मिळणारी, अळूसारखीच दिसणारी शोभेची झाडं विषारी असू शकतात. खाण्याचं अळूही चिंच किंवा आमसूल घालून नीट शिजवावं लागतं, नाहीतर घसा खवखवतो.

मायाळू हा दुसरा विसरलेला पर्याय. जाडसर, चकचकीत पानांचा हा वेल कमी उन्हातही वाढतो, फांदी खोचली तरी मूळ धरतो आणि गॅलरीच्या ग्रिलवर आपोआप चढतो. भाजी करा, भजी करा. पुदिना आणि पानओवाही याच गटातले. बाजारातून आणलेल्या पुदिन्याची पानं खुडून उरलेल्या जाड काड्या पाण्यात ठेवल्या की आठवडाभरात मुळं फुटतात.

आणि मायक्रोग्रीन्स? हा शब्द इन्स्टाग्रामवर येण्याच्या कितीतरी आधीपासून मुंबईच्या बाजारात समुद्र मेथीच्या इवल्याशा जुड्या विकल्या जातात. किनाऱ्याजवळच्या रेताड जमिनीत मेथी दाट पेरायची आणि दहा-पंधरा दिवसांत, रोपं बोटभर असतानाच मुळासकट उपटायची. अर्थात मायक्रोग्रीनच. घरी याची नक्कल करायला मिठाईचा रिकामा प्लास्टिकचा डबा पुरतो. तळाला भोकं, दोन इंच कोकोपीट किंवा रेती-माती, रात्रभर भिजवलेली मेथी दाट पसरून वर पातळ थर. खिडकीतल्या उजेडावर काम होतं, कारण या वयात रोप बियाण्यातल्या शिदोरीवरच जगत असतं. मोहरी आणि मुगाचंही असंच. दर चार दिवसांनी एक नवा डबा पेरला तर ताटाच्या कडेला रोज काहीतरी हिरवं असतं.

इथे एक इशारा. यासाठी बी स्वयंपाकघरातलंच वापरा. शेतीसाठी विकल्या जाणाऱ्या बियाण्यावर अनेकदा बुरशीनाशकाची प्रक्रिया केलेली असते. गुलाबी, निळं किंवा हिरवं दिसणारं बी मोड आणून किंवा कोवळं खाण्यासाठी नाहीच.

कांद्याला आपोआप फुटलेले कोंब, लसणाच्या मोड आलेल्या पाकळ्या फेकून देण्याऐवजी एखाद्या डब्यात खोचल्या तर पात मिळते. ती वरून कापत राहायची, दोन-तीनदा पुन्हा येते.

जमीन नाही, पण भिंत आहे

ज्यांच्याकडे ऊन आहे पण पाय ठेवायला जागा नाही, त्यांच्यासाठी वेल हा सगळ्यात हुशार मार्ग. मूळ एका कोपऱ्यातल्या ड्रममध्ये आणि पसारा ग्रिलवर, जाळीवर, गच्चीच्या पाण्याच्या टाकीभोवती. कारली, दोडका, घोसाळी, चवळी, घेवडा, काकडी हे सगळे वर चढणारे. जुन्या साडीच्या पट्ट्या किंवा सुतळी आधाराला चालते. उन्हाळ्यात पश्चिमेच्या खिडकीवर चढवलेला कारल्याचा वेल घरात येणारं ऊनही अडवतो, हा फायदा वेगळाच.

पण वेलाबाबत एक तक्रार कायम ऐकू येते, 'फुलं भरपूर येतात, फळ धरत नाही.' इथे थोडं वनस्पतिशास्त्र लागतं.

टोमॅटो, मिरची, वांगी यांच्या एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही भाग असतात. वाऱ्याने किंवा फांदी हलक्या हाताने झटकल्यानेही काम होतं. दुधी, दोडका, कारली, भोपळा यांच्यात मात्र नर फुलं वेगळी, मादी फुलं वेगळी. मादी फूल ओळखायला सोपं आहे, कारण त्याच्या मागे करंगळीच्या टोकाएवढं इवलं फळ आधीच दिसतं. नर फूल नुसत्या बारीक दांड्यावर असतं. एकाचं परागकण दुसऱ्यापर्यंत नेण्याचं काम मधमाश्या, पतंग, भुंगे करतात आणि आठव्या-दहाव्या मजल्यावर ते फारसे येत नाहीत. परागीभवन झालं नाही की ते इवलं फळ पिवळं पडून गळतं.

उपाय म्हणजे हे काम आपणच करायचं. ताजं उमललेलं नर फूल तोडा, पाकळ्या मागे दुमडा आणि आतला पिवळा भाग मादी फुलाच्या मध्यभागी हळूच टेकवा. वेळ मात्र वेलावर अवलंबून असते. कारली, काकडी, भोपळा, घोसाळी यांची फुलं सकाळी उमलतात. दुधीची पांढरी आणि दोडक्याची पिवळी फुलं उमलतात संध्याकाळी. सकाळी सात वाजता दुधीच्या मिटलेल्या फुलांशी झटापट करणारे अनेक जण इथेच चुकतात. ऑफिसवरून परतणाऱ्यांसाठी दुधी आणि दोडका म्हणूनच सोयीचे.

सुरुवातीला आठवडा-दोन आठवडे फक्त नर फुलंच आली तर घाबरू नका. ते नेहमीचंच आहे. सोशल मीडियावर गाजलेलं 'थ्रीजी कटिंग', म्हणजे शेंडा खुडून फांदीला फांदी फोडणं, मादी फुलं वाढवण्यासाठी करतात. त्यात तथ्य आहे, कारण या वेलांवर मादी फुलं मुख्यतः बाजूच्या फांद्यांवर येतात. पण दहा लिटरच्या कुंडीतल्या मुळांना एवढ्या फांद्या पोसणं झेपत नाही. दुधीला निदान ५०-६० लिटरचा अर्धा ड्रम हवा. तेवढी सोय नसेल तर कारली किंवा चवळीवर समाधान मानलेलं बरं.

गच्चीवर वाफा? आधी वजन बघा

उत्साहाच्या भरात गच्चीवर विटा रचून, त्यात ट्रकभर माती टाकून वाफे केले जातात. इथे जरा थांबायला हवं.

ओली माती लिटरमागे दीड किलोहून जास्त भरते. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि फूटभर खोल वाफा म्हणजे सुमारे ३०० लिटर, म्हणजे पाणी घातल्यावर जवळपास ५०० किलो. आता दुसरी बाजू. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस ८७५ या मानकाच्या दुसऱ्या भागानुसार, वापरात असलेल्या सपाट गच्चीवर माणसं, सामान वगैरेंचा भार दर चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण १५० किलो धरून आराखडा केला जातो. निवासी इमारतीच्या बाल्कनीसाठी हा आकडा ३ किलोन्यूटन, म्हणजे साधारण ३०० किलो. फूटभर मातीचा सलग वाफा गच्चीच्या या हिशोबाच्या तिपटीवर जातो आणि तोही कायमचा, रात्रंदिवस. चाळीस वर्षांच्या, गळक्या इमारतीबद्दल तर बोलायलाच नको. असा वाफा स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय करूच नये.

म्हणून हलकं मिश्रण आणि सुट्या कुंड्या. १२ बाय १२ इंचाच्या ग्रो बॅगेत साधारण २० लिटर माल मावतो. नुसती माती भरली तर भिजल्यावर ती ३० किलोंच्या पुढे जाते. एक भाग माती, एक भाग कोकोपीट आणि एक भाग कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत असं केलं की वजन बरंच उतरतं आणि मुळांना हवाही मिळते. कोकोपीट आधी दोन पाण्यांतून धुऊन घ्या, त्यात क्षार असतात. गॅलरी भिंतीबाहेर आलेली असेल तर जड ड्रम भिंतीलगत आणि हलके डबे कडेला. कठड्यावर किंवा ग्रिलच्या बाहेर कुंडी नकोच. वादळी पावसात ती खाली कुणाच्या डोक्यावर पडेल, हे सांगता येत नाही.

हलक्या मातीचा प्रश्न महाराष्ट्रात फार पूर्वी काही जणांनी हाताळला आहे. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी उसाची चिपाडं, कंपोस्ट आणि थोडीशी माती पिशव्यांत आणि ड्रममध्ये भरून गच्चीवर शेती करून दाखवली. रसवंतीवाल्याकडे फुकट मिळणारी चिपाडं हलकी असतात, पाणी धरतात आणि हळूहळू कुजून खत होतात. कोल्हापूरचे श्रीपाद दाभोलकर मूळचे गणिताचे शिक्षक. 'प्रयोग परिवार'च्या माध्यमातून त्यांनी शेतकऱ्यांबरोबर जे काम केलं, त्याच्या मध्यभागी ऊन होतं. पानांच्या पृष्ठभागावर जास्तीत जास्त ऊन पकडणं म्हणजे शेती, हा त्यांचा विचार थोड्या जागेत पीक घेणाऱ्यांना आजही उपयोगी पडतो. प्रीती पाटील यांनी मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर त्याच स्वयंपाकघरातला ओला कचरा वापरून फळभाज्यांची बाग उभी केली. पुढे 'अर्बन लीव्ज' या गटामार्फत अनेक मुंबईकर हे शिकले.

भांड्यांसाठी खर्च करायची गरज नसते. तेलाचे १५ किलोचे पत्र्याचे डबे, मासळीबाजारातले थर्माकोलचे खोके, दुधाच्या पिशव्या (फक्त रोपं करायला) हे सगळं चालतं. थर्माकोल हलकं असतं आणि उन्हाळ्यात मुळं तापू देत नाही, पण वर्ष-दोन वर्षांत उन्हाने त्याचा भुगा व्हायला लागतो. रसायनांचे डबे आणि आत ऑइलपेंट सुकलेले डबे खाण्याच्या भाजीसाठी टाळा. रीलमध्ये दिसणाऱ्या त्या एक लिटरच्या आडव्या बाटल्या? त्यात कोथिंबीर, पात, फार तर पालक. टोमॅटो नाही.

गावाला गेल्यावर पाणी कोण घालणार?

शेजारच्या काकूंना किल्ली देण्याआधी एक जुनी पद्धत करून बघा. न रंगवलेलं, झिरपणारं लहान मडकं ड्रमच्या मध्यभागी गळ्यापर्यंत पुरायचं, पाण्याने भरायचं आणि तोंडावर पणती झाकायची. माती कोरडी झाली की पाणी मडक्याच्या अंगातून पाझरतं, ओली असली की जवळपास थांबतं. मुळं आपोआप मडक्याला बिलगतात. दिवाळीच्या चार-पाच दिवसांच्या सुट्टीला एवढं सहसा पुरतं. मे महिन्याला नाही, तेव्हा काकू लागतातच.

डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी खुशाल वापरा. एसीतून ठिबकणाऱ्या पाण्यात क्षार जवळपास नसतात, तेही चालतं. आरओ यंत्राच्या नळीतून वाया जाणारं पाणी मात्र मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षारयुक्त असतं. बोअरचं पाणी येणाऱ्या सोसायट्यांत ते रोज कुंडीत ओतलं तर पानांच्या कडा जळायला लागतात. फरशी पुसायलाच ते बरं.

कुंडीखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा तरी रिकाम्या करून घासायच्या. डेंग्यू पसरवणारा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला त्याला आठ-दहा दिवस पुरतात. पावसाळ्यात पालिकेचे कर्मचारी घरी येऊन कुंड्या तपासतात ते यासाठीच.

खताचं थोडक्यात. कुंडीतलं सत्त्व पाण्याबरोबर वाहून जातं, म्हणून दर १५-२० दिवसांनी मूठभर गांडूळखत. चहाचा चोथा साखर-दूध धुऊन मगच, नाहीतर मुंग्या. अंड्याची टरफलं बारीक पूड केली तरच काही उपयोग, आणि तोही सावकाश. मावा किंवा पिठ्या ढेकूण दिसला तर आधी पाण्याचा जोरदार फवारा, मग लिटरभर पाण्यात ५ मिली नीम तेल आणि दोन थेंब भांड्यांचा साबण, संध्याकाळी. यापलीकडच्या 'घरगुती जादुई टॉनिक'मध्ये फारसा जीव नसतो.

पैसे वाचतात का?

महिन्याची भाजी गॅलरीतून निघेल, अशा आशेवर कुणी असेल तर ती सोडलेली बरी. चांगली निगा राखली तर टोमॅटोच्या एका रोपाला हंगामात दोन-तीन किलो फळं. ग्रो बॅग, कोकोपीट, खत यांचा पहिल्या वर्षीचा खर्च धरला तर बाजारातला टोमॅटो स्वस्त पडतो. हिशोब जुळतो तो वेगळ्या गोष्टींचा. कढीपत्ता, पुदिना, कोथिंबीर, मिरची, आलं, लसणाची पात, अळू. यातलं आपल्याला हवं असतं चिमूटभर आणि आणावी लागते जुडी. अर्धी जुडी फ्रीजमध्ये काळी पडते. मोठ्या ड्रमात शेवगा लावून दर काही महिन्यांनी छाटत राहिलात तर शेंगांची वाट न बघता पाल्याची भाजीही मिळते.

पुढच्या वर्षीचा खर्च कमी करायचा असेल तर बियाणं बघून घ्या. पाकिटावर 'एफ-१' किंवा 'हायब्रिड' लिहिलं असेल तर त्याच्या फळातलं बी धरून पेरलं तरी तेच वाण येईल याची खात्री नसते. देशी, सरळ वाणाचं बी मात्र वर्षानुवर्षं धरता येतं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या बीजमाता राहीबाई पोपेरे यांनी वाल-घेवड्यापासून पालेभाज्यांपर्यंतची गावठी वाणं अशीच जपली आणि त्यासाठी त्यांना पद्मश्री मिळाली. गॅलरीपुरतं सोपं काम म्हणजे चवळीच्या किंवा घेवड्याच्या चार निरोगी शेंगा न तोडता वेलावरच वाळू द्यायच्या. दाणे सोलून, सावलीत खडखडीत वाळवून, राखेत घोळून काचेच्या बरणीत भरायचे आणि वर तारीख चिकटवायची. घेवडा पावसाळ्याच्या तोंडाशी, चवळी फेब्रुवारीत पेरायला तयार.